घरचंच काय ते

"ताप न्हाई म्हनताय न्हवं? मग सोडा की घरला," बायाक्का म्हणाली.

मी थर्मामीटर झटकला आणि तिच्या नवऱ्याच्या काखेत पुन्हा खोचला. आकाराम शितोळे उशांच्या ढिगाला टेकून बसले होते. एक वाक्य पुरं करायला त्यांना मध्येच थांबून हवा भरून घ्यावी लागत होती आणि नखं निळसर पडली होती. एक्सरेत उजव्या फुफ्फुसाचा खालचा भाग चुना फासल्यासारखा पांढरा दिसत होता. न्यूमोनिया होता, यात वादच नव्हता. पण अंग गार. एवढा न्यूमोनिया आणि कणकणसुद्धा नाही, हे माझ्या गळी उतरत नव्हतं.

"ताप नसला तरी आजार मोठा आहे," मी म्हणाले.

"ताप न्हाई तर आजार कसला ओ मोठा?"

"बाई, जिवाला धोका आहे. आज घरी नेलंत तर परत आणायची वेळ येणार नाही."

एवढं तोंडावर सांगितल्यावर ती पिशवीतलं लुगडं काढून नवऱ्याच्या पायांवर पांघरू लागली.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मी तेव्हा नुकतीच डॉक्टर होऊन खानापूर तालुक्यातल्या माझ्याच गावी परतले होते आणि डॉ. तांबोळींच्या छोट्या रुग्णालयात काम करत होते. आमच्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत. सोन्याचांदीचा चुरा आणायचा, तेजाबात घालायचा, आटवून शुद्ध करायचा. आकारामांनी सगळं आयुष्य तमिळनाडूत, सेलमच्या एका बोळातल्या खोलीत तेजाबाचा धूर गिळत काढलं होतं. धाप लागायला लागली तेव्हा भट्टी भावाच्या हवाली करून ते गावी आले. आल्यावर मात्र तब्येत सुधारली, असं सगळे म्हणत. चेहरा भरला, गाल वर आले. बायाक्का ते कौतुकानं सांगायची.

"दम्यासाठी काही घेता का? गोळी, पंप, बाहेरचं एखादं औषध?" मी विचारलं.

आकारामांनी बायकोकडे पाहिलं. बायाक्कानं माझ्याकडे पाहिलं.

"न्हाई ओ. घरचंच काय ते."

"म्हणजे काढा वगैरे?"

"आता तुमास्नी काय सांगायचं? तुमास्नी ठावं हायच की."

मी गावचीच मुलगी. तुळस, सुंठ, अडुळसा यांचे काढे मलाही नाक दाबून पाजलेले होते. मी मान हलवली आणि सलाईन लावायला घेतलं. सुई टोचली तिथं कातडीखाली लगेच जांभळा डाग पसरला.

डॉ. तांबोळी एक्सरे घेऊन खिडकीशी उभे राहिले. त्यांना शिकवायची हौस होती आणि ऐकायला मी एकटीच होते.

"हा पांढरा भाग कशाचा, सांग."

"जंतुसंसर्गाचा, सर."

"पुस्तकी उत्तर. जंतू एक्सरेत दिसत नाहीत. हा पसारा आपल्याच माणसांचा आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाहेर पडून हवेच्या पिशव्यांत उतरल्यात आणि त्यांच्यामागून पाणी झिरपलंय. बेडका हिरवट होतो, तोही रंग जंतूंचा नाही. मेलेल्या पेशींचा आहे. जंतूंना मारायला आलेल्यांनीच घर भरून टाकायचं, आणि घरातल्या माणसाला श्वास घ्यायला जागा राहायची नाही."

"म्हणजे जास्त आले तरी पंचाईत आणि कमी आले तरी पंचाईत."

"तेच तर. म्हणून अंगातच आवरतं घेणारा एक रससुद्धा असतो. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी तो रोज थोडा थोडा करतात. आता मला सांग, ताप कुठाय?"

"म्हाताऱ्या माणसांना कधी कधी येत नाही, सर."

"हा म्हातारा कुठे आहे? आणि रक्तात पांढऱ्या पेशींची तर जत्रा भरलीय. लढाई लागली की पेशी मेंदूला सांगावा धाडतात आणि मेंदू अंग तापवतो. इथे लढाई आहे, पण सांगावा पोचत नाही. दवंडीवाल्याचं तोंड कुणीतरी दाबून धरल्यासारखं." त्यांनी एक्सरे खाली ठेवला. "प्रतिजैविक चालू ठेव. रक्तदाबावर लक्ष दे. मला हा माणूस आवडलेला नाही."

सरांना एखादा पेशंट आवडला नाही, म्हणजे तो दगावेल अशी भीती त्यांना वाटत असे.

दुपारी अण्णा डबा घेऊन आले. अण्णा म्हणजे माझे वडील, पण गावाला ते गुरव गुरुजी. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्यावरही त्यांचं गुरुजीपण सुटलं नव्हतं. शिवाय दर गुरुवारी ते ओसरीवर बसून दम्याची पुडी फुकट द्यायचे. आमच्या घरात दोन दवाखाने आहेत आणि त्यातला चालणारा माझा नाही, असं मी चिडवत असे. मला त्या पुडीचं भय कधीच वाटलं नव्हतं, कारण लहानपणी मीच ती कुटली होती. अडुळसा, रिंगणी, बेहडा, पिंपळी. शेवटची एक वस्तू अण्णा दार लावून मिसळत. ती त्यांना ज्या बैराग्याकडून मिळाली, त्याला त्यांनी ती कुणाला न सांगण्याचा शब्द दिलेला होता.

अण्णा वॉर्डातून जाताना आकारामांच्या पलंगाशी थबकले. आकारामांनी कसेबसे हात जोडले. अण्णांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"होशील बरा," ते म्हणाले, आणि पुढे आले. मला डबा दिला, वांग्यात मीठ कमी पडलंय म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आकाराम खालावत गेले. सलाईन वाहत होतं तरी रक्तदाब उतरत होता. साखर घसरली. बोलणं अडखळू लागलं, मग पोटात दुखतंय एवढंच म्हणायला लागले, मग तेही थांबलं. प्रतिजैविक योग्य होतं, ऑक्सिजन चालू होता, आणि तरीही माणूस हातातून निसटत होता. अंग आदल्या दिवशीसारखंच गार.

सरांनी त्यांचा सदरा वर केला. पोटावर जांभळे पट्टे होते. हात उलटे करून पाहिले. जिथे जिथे सुई टोचली होती तिथे तिथे काळानिळा डाग. मग त्यांनी आकारामांची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. तो भरलेला, गोल गरगरीत चेहरा, ज्याचं बायाक्काला कौतुक होतं.

"मंदाकिनी, ही तब्येत नाही. ही सूज आहे. ह्याला कुणीतरी स्टिरॉइड चारतंय, तोच आवरता रस बाहेरून, म्हणून ताप नाही. चांगली काही वर्षं." ते मला दाराबाहेर घेऊन गेले. "आणि इथे आल्यापासून ते बंद झालंय. बाहेरून आयतं मिळतंय म्हटल्यावर ह्याच्या ग्रंथींनी आपलं दुकान कधीच बंद केलं असणार. आता आतलं नाही आणि बाहेरचंही नाही."

"मग तेच इंजेक्शनानं देऊन टाकू या, सर. हायड्रोकॉर्टिसोन आहे आपल्याकडे."

"माझा अंदाज चुकला तर? जंतू समोर उभे असताना आपल्याच माणसांच्या हातातल्या काठ्या काढून घेतल्यासारखं होईल. तपासणी पुण्याला पाठवावी लागेल, आणि तोवर हा थांबणार नाही. विचार त्या बाईला. काय घेत होता आणि कधीपासून. मला नक्की कळलं पाहिजे."

बायाक्का व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्यासमोर उकिडवी बसले.

"बायाक्का, खरं सांगा. कुठलं औषध घेत होते?"

ती पदराशी चाळा करत राहिली.

"तुम्ही ते इथं आल्यावर बंद केलंत ना?"

"पथ्यच हाय तसं. डाक्टरचं औषीद चालू असलं की ते घ्यायचं न्हाई."

"कशाचं पथ्य? कोण देतं?"

"सांगता येत न्हाई ओ. सांगितलं की गुण जातो."

"बायाक्का, माणूस जायला लागलाय आणि तुम्ही गुणाचं काय घेऊन बसलात?"

तिनं मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्याहून जास्त आश्चर्य होतं.

"आवो, तुमीच इचारताय व्हय? काल सांगितलं न्हवं का मी? घरचंच हाय म्हनून."

"घरचं म्हणजे..."

"तुमच्या घरचं. गुरुजींचं."

मला आधी हसूच आलं. मग तिचं कालचं बोलणं शब्दन् शब्द आठवलं. तुमास्नी काय सांगायचं, तुमास्नी ठावं हायच की. तिनं काहीच लपवलं नव्हतं. मी तिच्या घरचं समजले होते.

सरांना काही न सांगता मी लुना काढली आणि घरी आले.

अण्णा ओसरीवर बसून पुड्या बांधत होते. गुरुवार जवळ आला होता. समोर पत्र्याचा डबा, मांडीवर कागदाचे चौकोनी तुकडे. पुडीचं शेवटचं टोक दोनदा आत खोचायची त्यांची पद्धत होती, म्हणजे खिशात उलगडत नाही.

"अण्णा, आकाराम शितोळे तुमची पुडी घेतात."

"कोण घेतं, कोण नाही, हे मी बोलत नाही. तुला माहीत आहे."

"बायाक्कानं सांगितलं. कधीपासून घेतात?"

"मी तुझ्या पेशंटांच्या चौकशा करतो का, मंदा?" त्यांचे हात चालूच होते.

"त्यात काय आहे?"

"शब्द दिलाय मी."

"ज्याला दिला तो बैरागी कधीच गेला. आता आकाराम जातील. आजच."

हात थांबले. मी डब्याशेजारची एक पुडी उचलून तळहातावर उलगडली. भुकटी बारीक होती आणि पांढरी होती.

"अण्णा, अडुळसा कुटला की माझे हात धुतले तरी हिरवे राहायचे. शाळेत तुम्हीच ओरडायचात. हे पांढरं कसं?"

"वस्त्रगाळ केलं की उजळतं."

"अण्णा."

त्यांनी मांडीवरचे कागद गोळा करून बाजूला ठेवले. मग शाळेत धडा समजावून सांगत तशा सावकाश आवाजात बोलू लागले.

"डोंगर चढवत नाही आता. गुडघे ऐकत नाहीत. आणि वर राहिलंय तरी काय? पानं मिळत नाहीत. एक औषधवाला यायचा एस्टीनं. म्हणाला, गुरुजी, हेच तयार देतो, कशाला त्रास घेता. मी चाखून पाहिलं. कडू होतं."

"आणि मग?"

"आणि मग गुण आला, मंदा. असा गुण पूर्वी कधी आला नव्हता. आधी कुणाला यायचा, कुणाला नाही. आता ज्याला देईन त्याला येतो. माणसं धावत येऊन पायावर डोकं ठेवायला लागली. हा आकाराम, दारातून आत यायला त्याला धरून आणला होता. पुढच्या गुरुवारी स्वतः सायकल मारत आला. मला वाटलं, त्या बैराग्याचाच आशीर्वाद."

"त्यात काय असतं, असं त्या माणसाला विचारलंत कधी?"

"विचारायचं नसतं," अण्णा म्हणाले. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. "मला माहीत नाही. त्यात काय आहे ते मला माहीत नाही, मंदा."

माझ्या वडिलांनी आयुष्यभर मुलांना एकच शिस्त लावली होती. येत नसेल तर येत नाही म्हणा, ठोकून देऊ नका. रागानं लुना दामटत आले होते मी, पण त्यांचं ते वाक्य ऐकून राग राहिला नाही. फार वाईट वाटलं.

"चला," मी म्हणाले.

मी काही समजावायच्या आत त्यांनी टोपी घातली आणि डबा काखेत मारला.

वॉर्डात सर पलंगाशीच उभे होते. आकाराम डोळे मिटून पडले होते आणि ऑक्सिजनचा मास्क त्यांच्या श्वासानं वर-खाली होत होता. बायाक्का पायथ्याशी उभी राहून त्यांचे तळवे चोळत होती. अण्णांनी डबा सरांच्या हातात दिला.

"डॉक्टर, रोज सकाळी एक पुडी. त्याच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षापासून. मध्ये खाडा नाही."

"गुरुजी!" बायाक्का ओरडली. "बोलू नगा ओ, गुरुजी! गुण जाईल!"

"जाऊ दे, बायाक्का. ती पुडी माझी नाही. विकत आणलेली आहे. तिच्यात काय आहे, मला ठाऊक नाही."

बायाक्कानं दोन्ही कानांवर हात ठेवले. तिनं ऐकलं नाही तर कदाचित सांगितल्यासारखं होणार नाही, अशा हिशेबानं असावं. अण्णांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. शेजारच्या पलंगावरच्या माणसानं आपल्या खिशाला हात लावलेला मी पाहिला.

सरांनी भुकटी बोटावर घेऊन पाहिली आणि मला मानेनं खूण केली. मी हायड्रोकॉर्टिसोन शिरेतून दिलं. प्रतिजैविक होतंच. संध्याकाळ व्हायच्या आत रक्तदाब वर सरकू लागला. दिवेलागणीला आकारामांनी मास्क बाजूला करून चहा मागितला.

"गंमत बघ," सर हात धुताना म्हणाले. "बहुतेक त्याच जातीचं औषध. तिकडे नाव न सांगता दिलं, आपण नाव सांगून दिलं. फरक तेवढाच."

फरक तेवढाच नव्हता, हे त्यांनाही माहीत होतं.

आकाराम घरी गेले. गोळ्या महिनोन् महिने थोड्या थोड्या कमी करत आणाव्या लागल्या, म्हणजे झोपलेल्या ग्रंथी जाग्या व्हाव्यात. गोळ्या कमी झाल्या तशी चेहऱ्याची सूज उतरली आणि सेलमची धाप परत आली. पंप दिला होता, पण पुडीची सर पंपाला कुठली! पारावर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "गुरुजींनी तोंड उघडलं आन् माझा गुण गेला." वैतागाची गोष्ट ही, की त्यांचं म्हणणं खोडून काढायला माझ्याकडे काही नव्हतं. सांगितलं होतं आणि गुण गेला होता.

अण्णांनी पुडी बंद केली. पण एकदम सोडली तर माणसं आकारामांसारखीच पडतील, हे मी त्यांना समजावलं होतं. म्हणून ते काठी टेकत घरोघर गेले. प्रत्येक उंबऱ्याशी उभं राहून तेच सांगितलं, की त्यात काय आहे मला माहीत नाही, एकदम सोडू नका, मंदाकडे जा. काहींनी त्यांना आत बोलावून पाणी दिलं. काहींनी मुलीच्या दवाखान्याची भरती करतोय म्हणून टोमणा मारला. सगळी घरं झाल्यावर ते ओसरीवर बसले ते बसलेच. रुग्णालयाच्या रस्त्याला त्यांनी पुन्हा पाऊल टाकलं नाही. जेवणाचा डबा मीच सकाळी घेऊन जाऊ लागले. कोण कसं आहे, हा प्रश्न त्यांनी मला विचारायचं सोडून दिलं, आणि मीही आपणहून काही सांगत नसे. जेवताना आम्ही भाजीबद्दल बोलायचो.

पुढच्या हिवाळ्यात, गोळ्या पूर्ण थांबल्यानंतर, बायाक्का आकारामांना बैलगाडीत घालून घेऊन आली. अंगावर दोन घोंगड्या आणि तरी दात वाजत होते.

"काल सांजंपासनं खोकला, आन् आता बघा की, अंगाचा कसा इंगळ झालाय," ती घाबरून म्हणाली. "लई ताप हाय ओ."

मी थर्मामीटर लावला. पारा सरसर चढला आणि बराच वर जाऊन थांबला. छातीत उजवीकडे जरासा आवाज होता, रक्तदाब ठीक, नाडी भक्कम. आकाराम कण्हत होते, थरथरत होते आणि मला थर्मामीटर नीट धरता येत नाही म्हणून माझ्यावर खेकसतही होते.

"तुमी हसताय कशापाई?" बायाक्कानं विचारलं.

"ताप आलाय म्हणून."

"काय बाई तरी तुमी!" ती म्हणाली.

त्यांना दाखल करून, औषध चालू करून मी दुपारी घरी आले. अण्णा ओसरीवर वर्तमानपत्र धरून बसले होते. हल्ली ते एकच पान फार वेळ वाचत. मी आत जाऊन पाणी प्याले आणि बाहेर आले. सांगावं की न सांगावं, कळेना.

"अण्णा, आकाराम आलेत दवाखान्यात. न्यूमोनियाची सुरुवात आहे."

वर्तमानपत्र हललं नाही.

"ताप आहे. चांगला सणसणीत. हुडहुडी भरलीय."

त्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं.

"ताप आला?"

"हो."

"स्वतःचा स्वतः?"

"स्वतःचा स्वतः, अण्णा."

त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसला. काचा पुसून झाल्या तरी पुसत राहिले. मग भिंतीला हात देऊन उठले, कोपऱ्यातली काठी घेतली आणि चपला शोधू लागले.

"कुठे निघालात उन्हाचे?"

"त्याला बघून येतो," अण्णा म्हणाले.